माइकबाईंचं खाकरणं

"थांबा माइकबाई, परत घेऊ या," काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "‘शांत’मधला श जरा जास्तच घासला गेला."

बाईंनी कोमट पाण्याचा घोट घेतला, खाकरल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. डोळे मिटा. श्वास आत येतोय, येऊ द्या. तुमच्या आत एक दिवा आहे, तो कधी विझत नाही. मी तुमच्यासोबत आहे. खोली एवढीशी, भिंतींना फोम डकवलेला, आणि आवाज येतो म्हणून पंखाही बंद. गळ्यावरून घामाचे ओघळ चालले होते आणि बाई शांतीबद्दल बोलत होत्या.

त्यांना चांगलं आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण बसस्टँडवर ते कुणाला ठाऊक नव्हतं. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुणाचं पोर चुकून चौकशीच्या खिडकीशी रडतंय, हे माइकवरून सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आवाज असा, की गाडी रद्द झाल्याचं ऐकूनही माणसं चिडायची विसरत. मग स्टँडवर रेकॉर्ड केलेल्या घोषणा आल्या आणि बाईंना घरी बसवलं. तोच एका कंपनीला त्यांचा शोध लागला. कंपनी कॉलेजच्या मुलांसाठी ऑनलाइन अध्यात्माचा कार्यक्रम काढत होती. पोरं खचतात, झोपत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. तर त्यांनी कानात इअरफोन घालायचे, डोळे मिटायचे आणि आतला प्रकाश बघायचा. कॉलेजं तो धडाधड घेत होती आणि मुलांना सक्तीनं ऐकवत होती. कंपनीच्या मॅडम म्हणाल्या, तुमचा आवाज ऐकून मलाच रडू आलं. बाई हुरळून गेल्या. का जाऊ नये? जन्मभर फलाटांचे आकडे सांगणाऱ्या बाईला कुणीतरी आत्म्याबद्दल बोला म्हणत होतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी फोन उघडला. लेकीच्या होस्टेलच्या रेक्टरबाईंनी सारखे फोन केलेले दिसले आणि त्यांनी तिथूनच उलट फोन लावला.

रेक्टरबाई चाचरतच बोलल्या. मुलगी वर्गात जात नाही, जेवायला खाली उतरत नाही, दिवसदिवस अंथरुणात असते, हे आज तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. आम्हाला पत्ताच लागला नाही हो, कारण तुमच्या आवाजातल्या त्या कार्यक्रमात तिची हजेरी सगळ्यांत जास्त. स्क्रीनवर तिच्या नावापुढं कायम हिरवा ठिपका. हिरवा म्हणजे ठीक, असं आम्ही धरून चाललो. आता कळतंय, की ती एकच सत्र लावते, सातवं. तेही नुसती सुरुवात ऐकते, बंद करते आणि परत लावते.

मॅडमना कळवल्यावर त्या खरंच कळवळल्या. जा, लगेच जा म्हणाल्या. "फक्त फार बोलू नका हं. उद्या उरलेलं संपवायचंय. आवाज सांभाळा."

हे दोन शब्द बाईंना आयुष्यभर पुरले होते. एकुलती एक लेक, लाडाचं नाव बिट्टी. नवरा लांब पल्ल्याच्या गाडीवर, म्हणजे घरात या दोघीच. पण बाई घरी आल्या की तोंड बंद. उद्या ड्यूटी आहे, घसा जपायला हवा. टाळी वाजवली की ये, तळहात दाखवला की थांब, डोळे वटारले की पुरे, एवढीच काय ती भाषा. बिट्टी शाळेतल्या गमती सांगायची, बाई मान डोलवायच्या. "आई, तू पण बोल ना," म्हटलं की त्या गळ्याकडे बोट दाखवायच्या. दिवसभराच्या धुरानं दारातच खाकरायच्या तेवढाच आवाज. तो आला की बिट्टी कॉटवरचं दप्तर उचलून भिंतीकडे सरकायची आणि बाई तिच्या शेजारी आडव्या व्हायच्या. पुढं पोरीनं बोल म्हणणं सोडून दिलं. किती शहाणी मुलगी, असं बाईंना तेव्हा वाटलं होतं.

बसमध्ये त्यांनी सातवं सत्र लावलं. सुरुवातीलाच त्यांचं खाकरणं राहून गेलं होतं, कापताना रेकॉर्डिंगवाल्याच्या नजरेतून सुटलेलं. बाईंना शरमल्यासारखं झालं. पुढचे शब्द त्यांनी कान देऊन ऐकले, पोरीला त्यात नेमकं काय भावलं ते शोधलं. करुणा होती, प्रकाश होता, नदी होती. काहीतरी उपयोग तर होतोय, असं म्हणून त्यांनी स्वतःला धीर दिला.

खोलीत पडदा ओढलेला होता. बिट्टी भिंतीकडे तोंड करून निजली होती, केसांचा गुंता झालेला, उशाशी फोन. मैत्रीण न सांगता बाहेर गेली. बाईंनी खुर्ची ओढून घेतली. काय बोलावं सुचेना, आणि सुचेना म्हटल्यावर तोंडातून तेच आलं. तोच सूर, तीच संथ लय. "डोळे मीट बाळा. श्वास आत येतोय..."

"आई, ते नको."

बाईंनी उशाशी पडलेल्या फोनकडे पाहत विचारलं, "मग ते सातवं का ऐकतेस गं सारखं? काय आहे त्यात?"

बिट्टी वळली नाही. भिंतीशीच बोलली. "तू सुरुवातीला खाकरतेस. दार उघडून घरी आल्यासारखी वाटतेस. मग बोलायला लागतेस आणि सगळ्यांचीच होतेस. म्हणून मी तिथंच बंद करते."

हजारो पोरांना त्यांनी मी तुमच्यासोबत आहे म्हणून सांगितलं होतं. हिला एकदाही नाही. असला आवाज काय चुलीत घालायचाय, असं त्यांच्या मनात आलं.

मग त्यांनी सरळ विचारलं, तुला होतंय काय? बिट्टीला धड सांगता येईना. सकाळी उठावंसं वाटत नाही. सगळे हसतात तेव्हा काच मध्ये असल्यासारखं वाटतं. एकदा गच्चीच्या कठड्याशी बराच वेळ उभी राहिले, मग स्वतःचीच भीती वाटली आणि खाली आले. बाईंनी पोरीचा दंड घट्ट धरला. उद्या सकाळीच आपण डॉक्टरकडे जायचं, त्या म्हणाल्या, आणि मी आहे इथंच, कुठं जात नाही.

आणि मग बाई बोलायला लागल्या. आतापर्यंत गिळून ठेवलेलं सगळं. बिट्टी जन्मली तेव्हा दवाखान्यातली नर्स कशी ओरडली होती ते. एकदा चुकीचा फलाट सांगितल्यावर सगळी रांग सामानसुमान घेऊन इकडून तिकडे पळाली आणि एक आजोबा केबिनशी येऊन काठी आपटत भांडले ते. तू शाळेतल्या त्या दातपडक्या मैत्रिणीची गोष्ट सांगायचीस ना, मला सगळी आठवते, मला तेव्हा हसायचं होतं गं. सूर नाही, लय नाही, मध्येच रडू, मध्येच नाक ओढणं. फोन वाजला, मॅडमचा होता. त्यांनी तो बंद करून पिशवीत टाकला. संध्याकाळपर्यंत आवाज चिरकला, मग घोगरा झाला, तरी बाई थांबेनात.

"आई, घसा बसेल तुझा," बिट्टी म्हणाली. आता ती आईकडे वळली होती.

"बसू दे."

ती रात्र रेक्टरबाईंनी त्यांना त्याच खोलीत काढू दिली. सकाळी बाई खाली जाऊन दोन कप चहा घेऊन आल्या. कॅन्टीनवाल्याला दोन बोटं दाखवून मागावा लागला, कारण तोंडातून आवाज फुटत नव्हता. मॅडमचा निरोप येऊन पडला होता. वाईट वाटतंय, पण थांबता येत नाही, पुढची सत्रं दुसऱ्या बाईंकडून करून घेतोय. बाईंनी तो वाचला आणि फोन परत पिशवीत ठेवला. आवाज कधी परत येईल, पहिल्यासारखा येईल का, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरांकडे जायची वेळ होत आली होती. बिट्टी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली होती, जागी की झोपलेली ते कळत नव्हतं. दारातूनच तिला हाक मारावी म्हणून बाईंनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्या चहा सांभाळत तशाच उभ्या राहिल्या आणि खाकरल्या.

बिट्टीनं डोळे उघडले नाहीत. उशाचा फोन उचलून तिनं बाजूला ठेवला आणि ती भिंतीकडे सरकली. कॉटवर एका माणसापुरती जागा झाली.