मंगलाबाईच्या पाठीवरून ग्रामसभेत

मी मोरा बोलतोय. तुमच्याकडे मला इरलं म्हणत असतील. आंबागडच्या जंगलातला बांबू, वर पळसाची पानं आणि बुरडाच्या हाताची कारागिरी, एवढाच माझा पसारा.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या एका पावसाळ्यात मंगलाबाईने मला सिहोऱ्याच्या बाजारातून घरी आणलं. डोक्यावरून पाठीवर असा बसलो की उतरावंसंच वाटेना. तिथून मी जे पाहिलं, ते काय सांगू!

मंगलाबाई धानाची रोपं लावणाऱ्या, रोवणीच्या टोळीची पुढारीण. या बायकांची एक रीत होती. नव्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उतरण्याआधी साऱ्या जणी बांधावर उभ्या राहायच्या. किती रोवायचं, कधी थांबायचं, यावर शेवटची बाई हो म्हणेपर्यंत चिखलात पाय घालायचा नाही. शेतमालक चरफडत राही, पण त्यांचं आपलं चालूच.

ही खोड तिला बापाकडून लागलेली. तिचा बाप तुलाराम विहारात वंदना झाली की पोरांना एकेक करून उभं करी आणि बोलायला लावी. मंगला मूग गिळून बसे. तरी पोरगी बोलल्याशिवाय तो कोणालाच उठू देत नसे. रोवता रोवता ती हे सांगायची आणि खूप हसायची.

सरपंच बाबूलाल मनाने वाईट नव्हता. पण त्याचं आयुष्य कापडाच्या दुकानात गेलं. तिथे बाप गादीवरून बोले आणि बाकीचे मान डोलावत. गावही आपलं दुकानच, असं त्याला अगदी मनापासून वाटे.

त्या वर्षी गावचा तलाव मासोळीसाठी बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं त्याने मनात घेतलं. ठेका झाला की मासोळीसाठी पाणी राखायला पाऊस सरल्यावर तलावाचं दार उघडणार नव्हतं, आणि शेवटच्या पाण्याविना खालच्या बांध्यांतलं धान वाळणार होतं. मंगलाबाईची इवलीशी बांधी तिथेच. ग्रामसभा त्याने ठेवली भर रोवणीत, दुपारी. त्याचा हिशेब सरळ होता: लोक येणार नाहीत, कोरमअभावी सभा तहकूब होईल, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग ठराव झालाच म्हणायचा!

पण रोवणीच्या दिवसांत साऱ्या बायका एकाच बांधीत सापडतात, हे तो विसरला. दवंडी कानावर आली आणि मंगलाबाईने हातातले पऱ्हे, धानाची रोपं, खाली ठेवले. बायका बांधावर चढल्या. एकेकीला विचारलं, शेवटची हो म्हणाली, आणि निघालो आम्ही! गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीवर मोरे, वरून झड. माझ्या तर पानापानात वारं शिरलं होतं.

आम्हाला पाहून बाबूलाल चाट पडला. रोवणी सोडून काहून आल्या, असं त्याने विचारलं.

मंगलाबाई म्हणाली, "तलाव आमचाबी आहे, भाऊ. आमी नसताना ठरवू नका."

ठराव मताला टाकला. चिखलाचे हात वर गेले आणि ठराव पडला!

बाबूलाल रागाने लाल झाला. "ठीक आहे. मंग तलावाचं तूच सांग. तू म्हणशील तसं लिहून टाकतो."

सारं गाव तिच्याकडे पाहू लागलं. माझ्या काड्या ताणल्या गेल्या. आता हीसुद्धा गादीवर बसते की काय!

मंगलाबाईने मागे उभ्या बायकांकडे एकवार पाहिलं. मग म्हणाली, "मी एकटी सांगणारी कोण? वरच्या शेताचे, खालच्या शेताचे, मासोळी मारणारेबी बांधावर येऊ द्या. तुमीबी या. शेवटचा माणूस हो म्हणेस्तोर लिहू नका."

बाबूलाल जागचा हलेना. बाहेर पाऊस वाढला होता. तिने मला पाठीवरून काढलं आणि सरळ त्याच्या डोक्यावर ठेवलं. काय सांगू, कापडाच्या दुकानातलं डोकंही माझ्याखाली नीट मावलं! चपला हातात घेऊन तो बांधाकडे निघाला, पुढे मंगलाबाई भिजत.

आता रोवणीला प्लास्टिक आलं आहे. मी भिंतीवर टांगलेला असतो, अर्धी पानं झडली आहेत. त्याचं मला काही नाही. पण ग्रामसभेची दवंडी झाली की मला खाली काढून सोबत नेत जा. पाऊस आता माझ्याने अडणार नाही, पण सभेत जागा अडवण्याइतका रुंद मी अजून आहे.