काकीचं ऑडिट

सीएचा पहिला ग्रुप निघाला आणि दुसऱ्याच्या अभ्यासात मी सुस्तावले. वाचलेलं दुसऱ्याला समजावलं की पक्कं होतं म्हणे, म्हणून काजूगर सोलत बसलेल्या यमुनाकाकीला पकडलं.

"ऑडिट म्हणजे कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, पुरावा मागायचा."

आठवड्यानं काकीनं माझं पुस्तक उघडलं. साठाव्या पानात सुरंगीचं फूल जसंच्या तसं होतं.

"हे मी सोमवारी ठेवलेलं. तू तर म्हणालीस, शंभर पानं झाली!"

मी मोबाइलकडे हात नेला, तर तो जागेवर नव्हता.

"आता मोबाइल लपवलाय. कुठे, ते पुढच्या एका पानावर बारीक पेन्सिलीनं लिहिलंय."

चार दिवसांत ओळ न् ओळ वाचून पुस्तक संपवलं. कुठेच काही नव्हतं.

"काकी, खोटं बोललीस!"

तांदळाच्या डब्यातून मोबाइल काढत ती म्हणाली, "मग पुरावा का नाही मागितलास?"