अर्धं पोतं

संपाच्या पाचव्या दिवशी सकाळी धनजीशेठचा मेहताजी दिलीप तुर्भ्याच्या झोपडपट्टीत राहीबाईचं दार हुडकत आला, तेव्हाच तिनं ओळखलं की शेठ अडचणीत आहे. आठ वर्षं ती त्याच्या गाळ्यात मिरचीचे देठ खुडत होती, पण तिचं घर कुठं आहे हे कुणी कधी विचारलं नव्हतं. शेठनं सगळ्या बायकांना बोलावलंय, मागच्या गल्लीतून या, एवढं सांगून तो घाईघाईनं निघून गेला.

वाशीचा मसाला बाजार त्या आठवड्यात ठप्प होता. शिवराम नावाचा माथाडी शंभर किलो हळदीच्या पोत्याखाली कोसळला, मणका मोडून दवाखान्यात पडला, आणि दुसऱ्याच दिवशी युनियनच्या शहाजी कदमांनी काम बंद केलं. मागणी एकच, पोतं पन्नास किलोचं करा. शहाजी पाटण तालुक्यातले, राहीबाईच्या माहेराच्या शेजारच्या गावचे. ती त्यांना दादा म्हणायची. पण त्या दादावर तिचा राग होता. दोन वर्षांपूर्वी मिरची निवडणाऱ्या बायका त्यांच्याकडं अर्ज घेऊन गेल्या होत्या, की माथाड्यांसारखी आमचीही नोंदणी व्हावी, आम्हालाही बिल्ला मिळावा. बिल्ला असला की दवाखाना मिळतो, रजा मिळते आणि शेठला मनात आलं म्हणून 'उद्यापासून येऊ नको' म्हणता येत नाही. शहाजींनी अर्ज वाचला, बघू म्हणाले आणि कपाटात टाकला. आता बायकाबी हमाल होणार, असं म्हणून कुणीतरी हसलंही होतं. ते हसणं राहीबाईला मिरचीपेक्षा जास्त झोंबलं होतं.

तरीही ती गाळ्यावर गेली. शेठ काय म्हणतो ते तरी कळावं. वीसेक बायका जमल्या होत्या. त्यांना पाहून धनजीशेठ खुर्चीवरून उठला, हे पहिल्यांदाच घडत होतं. मागच्या गल्लीत रिकामा ट्रक उभा होता आणि माल आज चढला नाही तर त्याचा मोठा सौदा हातचा जाणार होता. त्यानं गोड बोलून समजावलं. पोत्यांची तोंडं सोडायची, माल निम्मा निम्मा करून भरायचा आणि दोघीदोघींनी धरून ट्रकपर्यंत न्यायचा. मजुरी दुप्पट मिळेल, आणि आज ज्या काम करतील त्यांना कायम करू.

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. बाजार बंद म्हणजे त्यांचंही काम बंद होतं, पाच दिवस चुली कशाबशा पेटत होत्या. राहीबाईचं मन मात्र एकाच शब्दाशी अडून बसलं होतं.

"शेठ, आमच्यासाठी पोतं अर्धं करता येतंय," ती म्हणाली, "मग शिवरामसाठी का करता आलं न्हाई?"

शेठचा चेहरा बदलला. तुला भांडायला बोलावलेलं नाही, म्हणाला. मग कायम करायचं ते कागदावर लिहून द्या, असं तिनं म्हटल्यावर तो हसला. ते हसणं तिनं आधी ऐकलेलं होतं, फक्त माणूस वेगळा होता.

सगळ्यांत आधी पुतळा उठली. कोपरी गावची ही आगरी बाई. तिच्या सासऱ्याची भातशेती शहरासाठी गेली आणि तेव्हापासून ती मिरची निवडत होती. "आमच्या जमिनी घेतल्या तवा पन असंच गोड बोलले व्हते," ती म्हणाली. "मी नाय उचलनार." तिच्यामागं एकेक करून बाकीच्या उठल्या. दोघी मात्र मान खाली घालून बसून राहिल्या. राहीबाई त्यांच्यापाशी गेली. तिनं दोघींपुढं हात केला. मग त्याही उठल्या.

तिथून राहीबाई घरी गेली नाही. सगळ्यांना घेऊन ती थेट बाजाराच्या फाटकावर गेली. तिथं चार-पाचशे माथाडी बसून होते. गाळ्यातली बातमी त्यांच्याआधी पोचली होती. शहाजी पुढं आले, हात जोडले आणि म्हणाले, "राहीआक्का, तुम्ही आमची लाज राखलीत."

"तुमच्यासाठी न्हाई राखली, दादा. शिवरामसाठी राखली. आता तुमच्या मागणीखाली आमची मागणी लिवा. आन् एक मिटली, दुसरी ऱ्हायली, असं चालायचं न्हाई."

माथाड्यांचा मुकादम बाबासो मधे पडला. या खेपेला पोत्याचं होऊ दे, बायकांचं पुढल्या खेपेला बघू, असं त्याचं म्हणणं.

"पुढल्या खेपेचा अर्ज दोन वर्सं तुमच्या कपाटात पडलाय," राहीबाई म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही. शहाजी मानी माणूस. चारचौघांत आपली चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तरी त्यांनी युनियनच्या ऑफिसातून तो अर्ज मागवला, सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला आणि आपल्या हातानं मागणीपत्राच्या तळाशी उतरवून काढला.

दहाव्या दिवशी व्यापाऱ्यांचा कागद आला. पोतं पन्नास किलोचं करायला ते तयार होते. बायकांबद्दल नंतर बोलू, असं खाली लिहिलं होतं. माथाड्यांत चुळबूळ सुरू झाली. आपल्याला हवं ते मिळालं, आता किती ताणायचं, पोरं उपाशी आहेत, असं जो तो बोलू लागला. बाबासो तर आत जायला उभाच राहिला. राहीबाई कडेला बसून हे ऐकत होती. पोरं उपाशी आहेत हे खोटं नव्हतं, तिचीही होती.

शहाजींनी कागदाची घडी घातली.

"त्या दिवशी ट्रक भरला असता तर हा कागद आला असता का?" ते म्हणाले. "या बायांना फाटकाबाहेर सोडून ज्याला आत जायचंय, त्यानं खुशाल जावं. मी जाणार नाही."

तेवढ्यात शिवरामची बायको केशरबाई गर्दीतून वाट काढत आली आणि राहीबाईच्या शेजारी येऊन बसली. बाबासो काहीतरी पुटपुटला आणि खाली बसला. त्या दिवशी फाटकातून कुणीही आत गेलं नाही.

तेराव्या दिवशी दोन्ही मागण्यांवर सह्या झाल्या. फक्त धनजीशेठनं एक हट्ट धरला. बाकी सगळ्या बायका चालतील, राहीबाई माझ्या गाळ्यात नको. शहाजींनी ओशाळून तिला सांगितलं की बिल्ला मिळेल, पण दुसऱ्या गाळ्यावर जावं लागेल. एका राहीबाईसाठी एवढी माणसं अडकवू नका, असं तीच त्यांना म्हणाली.

पण तिचं म्हणणं बायकांनी मानलं नाही. दुसऱ्या दिवशी पुतळा आणि इतर जणी बिल्ले लावून गाळ्याच्या पायरीवर बसल्या आणि राहीबाई येईपर्यंत आत येणार नाही म्हणाल्या. शेजारच्या गाळ्यांतल्या बायकांनीही शेठच्या मिरचीला हात लावला नाही. आठवडाभर पोती देठासकट पडून राहिली. आठव्या दिवशी दिलीप पुन्हा तुर्भ्याला आला. राहीबाईनं त्याला थांबायला सांगितलं, सावकाश भाकरी थापून संपवल्या आणि मग ती निघाली.

शेठनं तिच्याकडं पाहिलं नाही. मिरचीची धूळ गल्लीत जाऊन गिऱ्हाइकांना ठसका लागू नये म्हणून त्या गाळ्याचं शटर कायम निम्मं खाली ओढलेलं असायचं आणि बायका आत खोकत बसायच्या. राहीबाईनं पुतळाला हाक मारली. दोघींनी जोर लावून शटर पार वर सरकवलं. लाल धूळ उन्हात उधळली आणि शेठ शिंकायला लागला. नाकाला रुमाल लावून त्यानं शटर खाली घ्यायला सांगितलं.

"आजपासनं उघडंच ऱ्हाईल, शेठ," राहीबाई म्हणाली, आणि गोणपाटाची फारी अंथरून मिरचीपुढं बसली.