पाचवा हिस्सा रिकामा

ताईचा एक नियम होता आणि तो तिने भल्याभल्यांच्या गळी उतरवला होता: डिस्कचा पाचवा हिस्सा कायम रिकामा ठेवायचा. गिऱ्हाईक दारात उभं असो, काम उद्याच द्यायचं असो, पाचवा हिस्सा म्हणजे पाचवा हिस्सा. ती व्हिडिओ संपादनाचं काम करायची, धाकट्या भावाबरोबर, दोन खोल्यांच्या स्टुडिओत. एका खोलीत ती चित्रं कापायची आणि जोडायची. दुसऱ्या खोलीच्या भिंतींना जाड रजया ठोकलेल्या होत्या. तिथे भाऊ आवाजाचं काम बघायचा. दोघांत मिळून कामाची एसएसडी, म्हणजे संगणकाची वेगवान डिस्क, एकच, आणि भांडणं सगळी तिच्यावरूनच.

"ओटा भांड्यांनी भरलेला असेल तर भाजी चिरणार कुठे, डोक्यावर?" असं ती विचारायची. एसएसडीला म्हणे जुन्यावर नवं लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं, आणि पुसायचं तर त्यातलं कामाचं उचलून दुसरीकडे ठेवायला जागा लागते. जागा नसली की ती रखडते आणि अकाली झिजते. हे ताई इतक्यांना इतक्या वेळा ऐकवायची की भावाने तिचं नावच 'झाडू' ठेवलं होतं.

भाऊ म्हणजे दुसरं टोक. 'असू दे, लागेल कधीतरी' हे त्याचं ब्रीदवाक्य. पंख्याची घरघर, लिफ्टचा खडखडाट, सगळं जमवायचं. एकदा तर ताईला एका फोल्डरमध्ये तासाभराची नुसती शांतता सापडली.

"शांततेला पण जागा लागते का रे?"

"लागते तर! आवाजाइतकीच," भाऊ म्हणाला, आणि ते खरं होतं.

अशी ही विळ्या-भोपळ्याची जोडी इतकी वर्षं टिकली ती एका रिवाजामुळे. जे काम पुरं झालं ते भावाने शनिवारी कपाटातल्या मोठ्या, जुन्या डिस्कवर उतरवायचं, आणि रविवारी ताईने एसएसडी झाडून घ्यायची. त्याने सांगायचं नाही, तिने विचारायचं नाही. विचारण्याची कधी वेळच आली नव्हती.

मग आईच्या घशात गाठ निघाली.

आईने जन्मभर पोरांना पोहायला शिकवलं होतं. तिची हाक पाण्यावरून अशी जायची की तलावाच्या पलीकडच्या टोकाला बुडी मारलेलं पोरही दचकून वर यायचं. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र सबंध काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. "एवढी वर्षं ओरडून झालं की," आई म्हणाली. "आता कोण ऐकतंय माझं?" घरी आल्यावर ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ बसली. ताई दाराबाहेर येऊन उभी राहिली. आत जावं, जवळ बसावं असं तिला फार वाटलं. पण काय बोलायचं ते सुचेना, म्हणून ती आल्या पावली परत गेली.

हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी एक वाट दाखवली. आवाज जाण्याआधी तो साठवून ठेवा. आईकडून शेकडो वाक्यं वाचून घ्या, स्वच्छ, एकाच खोलीत. त्यांतून यंत्र आईचा आवाज शिकेल, आणि पुढे आई टॅबलेटवर जे टाइप करेल ते तिच्याच आवाजात बोललं जाईल. घरचीच ध्वनिमुद्रणाची खोली असताना आणखी काय हवं होतं?

आई रोज रजयांच्या खोलीत बसू लागली आणि रोज त्या वाक्यांशी भांडू लागली. "'निळ्या पेटीत सात पिवळी फुलं आहेत.' कोणी ठेवली? आणि पेटीत कशाला?" भाऊ काचेपलीकडे हसायचा आणि यंत्र चालूच ठेवायचा. वाक्यं आली, वाक्यांमधली बडबड आली, खोकला आला, चहाचे भुरके आले. त्यातच एका पूल बांधणाऱ्या कंपनीचा लांबलचक माहितीपट अंगावर येऊन पडला. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! एसएसडी किती भरली ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी लाल झाली.

"निदान खोकला तरी काढून टाक," ताई म्हणाली.

"आईच्या खोकल्यावर झाडू फिरवणार तू?"

"तुझ्या आळसाला आईचं नाव देऊ नकोस."

हे नको होतं बोलायला. भाऊ आईसाठी रात्रंदिवस राबत होता हे तिलाही दिसत होतं. पण जिभेला हाड नसतं. त्या क्षणापासून दोघांचा अबोला सुरू झाला. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत निरोप जायचे ते आईमार्फत. "त्याला सांग, पुलाचा आवाज फाटतोय." "तिला सांग, कान तपासून घे." आईला सुरुवातीला गंमत वाटली, मग वाटेनाशी झाली.

शुक्रवारी आईची वाक्यं संपली. शेवटीशेवटी तिचा आवाज खुर्ची ओढल्यासारखा येत होता, पण पहिल्या दिवसांतला खणखणीत होता आणि तोच महत्त्वाचा होता. शनिवारी शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांसाठी भाऊ तिला हॉस्पिटलात घेऊन गेला. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाण्यात त्यांचा सगळा दिवस गेला.

रविवारी ताई एसएसडी झाडायला बसली. 'आई' नावाचं फोल्डर समोर होतं, सगळ्यांत जड. तिचा हात क्षणभर थांबला. विचारावं का त्याला? पण विचारायचं म्हणजे पहिला शब्द आपण टाकायचा, आणि तिच्या हिशेबाने पहिला शब्द त्याचा होता. शिवाय शनिवार होऊन गेला होता. इतक्या वर्षांत त्याचा एक शनिवार चुकला नव्हता. तिने फोल्डर पुसलं, तेही कचरापेटीत न टाकता थेट, कारण पेटीतलंही जागा खातंच. लाल पट्टी निळी झाली आणि, खरं सांगायचं तर, तिला अगदी मोकळं वाटलं.

सोमवारी आई दाखल झाली. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी होती. दुपारी थेरपिस्ट बाईंचा फोन आला, "आवाजाच्या फाइली पाठवताय ना?" ताईने कपाटातली डिस्क काढून जोडली. जुनी कामं होती, ती तासाभराची शांतताही होती. आई नव्हती. तिने भावाला फोन लावला.

"आईचं कुठे उतरवलंस?"

अबोला सुटला म्हणून की काय, भाऊ हलक्या आवाजात बोलला. "अजून एसएसडीवरच आहे गं. शनिवारी आम्ही हॉस्पिटलमध्ये नव्हतो का? आज उतरवतो." "रविवार होऊन गेला रे," ताई म्हणाली. मग त्याचा आवाज बदलला. "ताई, तू झाडलंस?"

बैल गेला आणि झोपा केला, तरी माणूस झोपा करतोच. तिने हरवलेल्या फाइली शोधून देणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला. त्याने एकच प्रश्न विचारला, "ट्रिम चालू होतं?" म्हणजे पुसलेली जागा डिस्क आपणहून साफ करत होती का. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पुसलेलं बरेच दिवस मागे राहतं. एसएसडी बहुतेकदा मागे काही ठेवत नाही. "चालू होतं," ताई म्हणाली. तिनेच ते चालू केलं होतं, आणि बरोबरच केलं होतं.

"मग तुम्हाला मी काय सांगू?" तो अवघडून म्हणाला.

हॉस्पिटलच्या जिन्यात भाऊ भेटला. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. "माझ्या हातून गेलं म्हणून सांगू," तो म्हणाला. "मला ती फार बोलणार नाही."

"नाही. मी सांगते."

आईच्या खोलीत खिडकीशी एकच खुर्ची होती. ताई उभीच राहिली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. आईने ऐकून घेतलं.

"सगळंच गेलं?" तिने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"सगळं."

"खोकला पण?"

भावाला हसू आलं आणि मग त्याने तोंड फिरवलं. आई ताईकडेच बघत होती. "पुसायच्या आधी त्याला विचारलं का नाहीस?"

"आम्ही बोलत नव्हतो."

"हं," आई म्हणाली. "माझा आवाज जाणार म्हणून तोंडं पाडून फिरता, आणि तुमचा धडधाकट आहे तर त्याला कुलूप लावता. शाबास!"



एका संध्याकाळीत यंत्राला आवाज शिकवणं शक्य नाही, थेरपिस्ट बाई म्हणाल्या. तेवढी वाक्यं या घशातून आता निघणार नाहीत. पण छोटी छोटी वाक्यं जशीच्या तशी ठेवता येतील, एका बटणाला एक. भावाने रेकॉर्डर काढला, खिडकी लावली, दाराच्या फटीला चादर कोंबली. बाईंनी नमुन्याची यादी पुढे केली. आईने ती चष्म्यावरून पाहिली आणि बाजूला सारली. 'कृपया मला मदत करा' असं ती जन्मात कधी बोलली नव्हती आणि आता बोलणार नव्हती.

"नको," ती रेकॉर्डरला म्हणाली. मग थोडं थांबून, "एकदा नको म्हटलं ना!" मग "दार लाव." "पंखा कमी कर." "हे तुला कोणी विचारलं होतं?" "जेवलात का रे?" मधेमधे ती पाण्याचा घोट घ्यायची आणि छतातून पुढचं वाक्य शोधायची. "पाय मार, पाय! हात कसले हलवतोस!" हे तिने तलावावरच्या आवाजात म्हणायला घेतलं आणि अर्ध्यावर आवाज चिरकला. भावाने परत घेऊ का विचारलं, तर तिने हातानेच नको म्हटलं.

रेकॉर्डरची बॅटरी उतरली तसा भाऊ नवी आणायला खाली गेला, बाईही उठल्या. खोलीत दोघीच राहिल्या. आईने ताईचं मनगट धरलं आणि जवळ ओढलं.

"तुला एक सांगायचंय," ती म्हणाली. "मशिनसाठी नाही. तुला."

आवाजाचा नुसता धागा राहिला होता. तो आत्ता तुटेल की मग, असं ताईला वाटलं, आणि तिची जन्माची सवय तिच्या तोंडून बोलली. "आता पुरे, आई. थोडा राखून ठेव. सकाळी नेण्याआधी निवांत बोलू."

मायेनेच म्हणाली ती. पण नुसत्या मायेने नाही. आई माफ करेल की बोल लावेल हे तिला ठाऊक नव्हतं, आणि त्या घडीला दोन्ही ऐकायची तिची छाती नव्हती. रात्रभरात ती मनाची तयारी करणार होती.

आईने तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं. "बरं," ती म्हणाली आणि मनगट सोडलं.

सकाळी ताई सांगितलेल्या वेळेच्या बरीच आधी पोचली. पण आदल्या क्रमांकाच्या रुग्णाला ताप भरला होता, त्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलली होती, आणि आईला त्याच्या जागी नेलं होतं. खाटेवरची चादर काढलेली होती. "मघाशीच नेलं," परिचारिका म्हणाली. "शोधत होत्या तुम्हाला." ताई तिथल्या खुर्चीवर बसली आणि भाऊ येईपर्यंत उठली नाही.

शस्त्रक्रिया चांगली झाली. जीव वाचला, आणि जीवापुढे बाकीचं काय मोठंसं, असं येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगून गेला. आई घरी आली. टॅबलेटवर तिची ती मोजकी बटणं होती आणि आई ती अशी वापरायची की समोरच्याची बोलती बंद व्हावी. शेजारीण सल्ला द्यायला बसली की 'हे तुला कोणी विचारलं होतं?', तेही दोनदा. बाकी सगळं ती वहीत लिहायची; यंत्राच्या परक्या आवाजात बोलणं तिने साफ नाकारलं. भाऊ आणि ताई स्टुडिओत आता एकमेकांना इतकं विचारायचे की गिऱ्हाईकं वैतागायची. "हे पुसू?" "पूस." "नक्की?" "नक्की." पट्टी वरचेवर लाल व्हायची आणि ताई काही बोलायची नाही.

तिच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली होती. विचारू की नको यात आठवडे गेले. एका दुपारी आई खिडकीशी बसली होती, श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्रावरची जाळी नुकतीच बदलून झाली होती, आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. ताई तिच्या पायाशी जमिनीवर बसली.

"आई, त्या संध्याकाळी तू मला काहीतरी सांगणार होतीस. मीच थांबवलं तुला." तिने मान वर केली. "काय होतं ते? आता तरी सांग."

आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. मग वही मांडीवर घेतली आणि सावकाश, पोरांच्या प्रगतिपुस्तकात लिहावं तशा स्वच्छ अक्षरांत लिहून वही तिच्याकडे वळवली.

'लिहून सांगण्यासारखं असतं तर त्याच संध्याकाळी लिहिलं असतं.'

ताईने ते वाचलं. परत वाचलं. आईच्या आवाजात ऐकायचा तिने प्रयत्न केला, पण दोन्ही वेळा कानात आला तो तिचा स्वतःचाच आवाज.