शेवटच्या कडव्यातलं नाव

गणपतीत आमच्या ह्यांनी रचलेलं जाखडी नाचाचं गाणं कुणीतरी टेप केलं आणि दिवाळीत हातखंब्याला महिपतच्या दुकानात त्याच्या कॅसेटी विकायला आल्या. ह्यांना विचारलं कुणी? हे सकाळीच तणतणत निघाले. माणूस रागीट, त्यात उपाशी, म्हणून मीही मागोमाग गेले.

"अरे चोरा, माझं गाणं विकतोस?" हे दुकानात शिरताच ओरडले.

महिपतने कॅसेट लावली. गाणं छान वाजलं, पण शेवटचं कडवं यायच्या आत टेप संपली. जाखडीत शाहीर त्याच कडव्यात आपलं नाव गुंफतो. ह्यांचा चेहराच उतरला.

"पैसे नकोत मला," हे हळूच म्हणाले. "माझं, काशीरामचं, नाव तेवढं घाल, मग हव्या तेवढ्या कॅसेटी काढ."

महिपतने लगेच टेपरेकॉर्डर पुढे ओढला, कोरी कॅसेट घातली आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. हे खाकरून गायला लागले, तसं माझं डोकं फिरलं. मी बटण बंद केलं.

"आणि चाल कुणाची? भात लावताना माझी आई म्हणायची, तीच ना? तिला कधी विचारलंत?"

मग ह्यांनी स्वतः बटण दाबलं आणि कडवं नव्याने गायलं. आधी माझ्या आईचं, आवडाबाईचं नाव आलं, मागून काशीरामचं.

आई आज असती तर तिने ह्यांना चोर म्हटलं नसतं. आधी जेवायला वाढलं असतं.