दोन कोयत्यांना दोन वजा

आधीच सांगते, माझं डोकं लवकर फिरतं. पण त्या रविवारी फिरलं ते उगाच नाही फिरलं.

आम्ही चौघं भांडुपला सुबोधच्या घरी दर रविवारी दुपारी एक खेळ खेळतो. कागद, पेन्सिली, फासे आणि तोंडाची वाफ, एवढंच सामान. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. राक्षस, जंगलं, भुयारं असलं सगळं सुबोध रचून सांगणार. तो सूत्रधार. माझं पात्र चंपा, दोन्ही हातांत कोयते घेऊन लढणारी. दोनच का, असं सगळे विचारतात. अरे, मी दहावीपासून चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत दोन काठ्या फिरवते. माझा डावा हात काय शोभेला आहे?

सुबोधच्या नियमांत मात्र तो शोभेलाच होता. दोन शस्त्रं घेतलीस ना, मग फाशाच्या प्रत्येक फेकीतून दोन वजा. वर डाव्या हाताचा घाव बसलाच, तर त्यात चंपाच्या अंगची ताकद धरायची नाही. म्हणजे आधी नेम चुकवायचा, आणि लागलाच तर गुदगुल्या! दोन वर्षं मी भांडले. "पुस्तकात आहे," एवढंच उत्तर. आणि पुस्तक उघडायचं फक्त सूत्रधाराने, हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा रिवाज. नाहीतर जो तो पानं चाळत बसतो आणि खेळ राहतो बाजूला.

हे दोन वजा मला नवरात्रात भोवले. प्रबुद्धचं पात्र, खंडू वैद्य, राक्षसाच्या पायाखाली सापडलं. जवळ मी एकटीच. राक्षसाला घाव लागायला पंधरा हवे होते, आणि बरोब्बर पंधरा पडले! मी टाळी वाजवली. सुबोध म्हणाला, "वजा दोन. तेरा."

खंडू मेला. प्रबुद्धने त्याला दोन वर्षं वाढवलं होतं. खंडूचं गाव, त्याची आई, त्याच्या मुळ्या आणि काढे, सगळं वहीत लिहिलेलं. प्रबुद्ध मला म्हणाला, "तुला स्टाईल मारायची होती ना? एक कोयता आणि ढाल घेतली असतीस तर मी जगलो असतो." वही उचलून गेला तो गेलाच.

खेळातलं भांडण किती दिवस चालावं? आमची घरं एका गल्लीत, बालवाडी एक, आणि हा माणूस सात महिने मला बघून रस्ता बदलत होता. यंदा मिरवणुकीत माझ्या शेजारची जागा सोडून मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्या संध्याकाळी मी सुबोधकडे जाऊन रडले. खोटं कशाला बोलू? सुबोधने पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाला, "होईल गं सगळं ठीक."

मे महिन्यात श्रुतिकाने, आमच्यातल्या चौथीने, मध्ये पडून प्रबुद्धला एकदाचं आणलं. मला बाकी काही नको होतं. त्याने परत यावं, माझ्याशी आधीसारखं बोलावं, बस्स. सुबोधच्या आईने, प्रेमाकाकूंनी, दारातच त्याला पकडलं. "इलंस रे झिला? बस, घावणे गरम आसत."

तो बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक अट आहे. हिने दुसरा कोयता टाकायचा. परत हिच्या हौसेपायी कोणी मरायला नको."

मी हो म्हणणार होते. खरंच. चंपाच्या कागदावर खोडरबर टेकवलं सुद्धा. पण हात पुढे सरकेना. म्हटलं, "टाकते. पण सुबोध, एकदा मला तो नियम माझ्या डोळ्यांनी वाचू दे."

"आता कशाला?"

"वाचू दे ना."

"जाऊ दे गं दर्शना. रिवाज आहे ना आपला?" असं म्हणत त्याने पुस्तक मांडीखाली सरकवलं. तिथे माझं डोकं सटकलं. मी ते ओढूनच घेतलं.

पुस्तक म्हणजे झेरॉक्सचा जाडा गठ्ठा, स्पायरल बाइंडिंग केलेला. अर्धा सुबोधच्या कॉलेजातल्या एका सीनियरच्या पुस्तकावरून काढलेला, अर्धा श्रुतिकाच्या भावाच्या. आणि दोन शस्त्रांचा नियम त्यात दोनदा होता! पुढच्या अर्ध्यात फेकीतून दोन वजा. मागच्या अर्ध्यात डाव्या हाताची ताकद धरू नये, पण वजाबिजा काही नाही. अक्षरांचा टाइपसुद्धा वेगळा. एक जुनी आवृत्ती, एक नवी, आणि मला दोन्हींची शिक्षा एकदम. आम्हीच हुशार, दोन अर्धी पुस्तकं शिवून एक केलं.

शेजारी पेन्सिलीने सुबोधचं अक्षर होतं. मी मोठ्याने वाचलं. "वजा दोन फक्त जुन्यात. आपण खेळतो नव्या आवृत्तीने. दर्शनाचे पंधरा बरोबर होते." खाली तारीख, दिवाळीतली.

"तुला माहीत होतं?" मी ओरडले. "मी इथे बसून रडले रे, याच खुर्चीत!"

सुबोधचा चेहरा पडला. "प्रबुद्ध तर गेलाच होता. सांगितलं असतं तर दोन वर्षांच्या सगळ्या लढाया चुकीच्या ठरल्या असत्या. मग उशीर होत गेला, मग लाज वाटायला लागली."

प्रबुद्धने गठ्ठा घेतला, दोन्ही पानं वाचली. मला वाटलं, आता हा सुबोधला फाडून खाणार. हा तर हसायला लागला! "म्हणजे खंडू जिवंत आहे?"

"आहे," सुबोध म्हणाला.

"साल्या, सात महिने मला मारून ठेवलंस!" त्याने सुबोधच्या पाठीत एक धपाटा घातला, बॅगेतून वही काढली, सुबोधच्या ताटातला घावणा उचलून तोंडात टाकला. झालं. मिटलं. दोघं खंडू कसा वाचला ते ठरवायला लागले.

"घे गं दर्शना, दोन्ही कोयते घे," प्रबुद्ध पेन्सिल शोधत म्हणाला. "तुझीच पाळी."

मी वाट बघितली. अजून काहीतरी बोलेल म्हणून. त्याला पेन्सिल सापडली आणि तो लिहायला लागला.

"प्रबुद्ध," मी म्हटलं, "याने जाणूनबुजून लपवलं. याला माफ करायला तुला पाच मिनिटं लागली. मला सात महिने."

"अगं, तेव्हा कुठे माहीत होतं की तुझी चूक नव्हती?"

"आणि असती तर? खरंच असती माझी चूक, तर मला नको होती पाच मिनिटं?"

त्याने मान वर केली. सात महिन्यांत पहिल्यांदा त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं. श्रुतिकाने माझा हात धरला, तो मी सोडवला. प्रेमाकाकू ताट घेऊन आल्या, तेव्हा मी चपला घालत होते.

जिन्यात मागून त्याची हाक आली, "दर्शे, थांब ना!" थांबावंसं मला फार वाटत होतं. तरी मी उतरत गेले, आणि न थांबल्याचा माझाच मला अजून राग येतो.