लाईट गेली तरी वाजलेला ड्रम

अहो, इकडं बघा, खाली! जमिनीवर आडवा बसलेला, पोट सुटलेला, तो मी. बास ड्रम. लातूरच्या एका डाळमिलच्या गोदामातून बोलायलोय. आवाज जरा मोठा हाय माझा, राग मानू नका.

माझी उमेदीची वर्षं नांदेडात गेली, रामलिंग काकांच्या ऑर्केस्ट्रात. लग्न असो, बारसं असो, सगळीकडं एकच ठेका. काका माणूस लाखातला, पण गाणाऱ्यानं तोंड उघडलं की मला म्हणायचे, "दबून रहा रे बाबा." तसाच दबून राहिलो. पुढं ऑर्केस्ट्रा बंद पडला आणि त्यांनी मला लातूरच्या शिवकन्येला दिलं. "नको झाला तर मला सांग, भंगारात घालू नको," एवढंच म्हणाले.

शिवकन्या ही मिलमालक शिवमूर्तींची लेक. तिचा दोस्त संगमेश गिटार वाजवतो. दोघांचं मिळून जड रॉक संगीत, आणि त्यात गाणारा न्हाईच! आधी मला हसूच आलं. मग कळलं, गाणारा नसला की गोष्ट सांगायचं काम ड्रमवाल्यावर येतं. लोक बघतात गिटारकडं. पण गाणं कुठं वळायचं, कुठं दम धरायचा, कुठं अंगावर धावून यायचं, ते ही पोरगी ठरवते. माझ्यावर टोले घालणारी दोन्ही पेडल अनवाणी पायांनी हाणायला लागली की गोदामाचे पत्रे थरथरतात.

पण खरी मजा वेगळीच हाय. असं दणदणीत वाजवता वाजवता एका जागी ती पाय उचलून धरते. मारतच न्हाई! संगमेशची एकच तार घुमत असते आणि माझा जीव टांगणीला. मग पाय असा पडतो की काय सांगू तुम्हाला, लई भारी वाटतं.

आवाज घुमू नये म्हणून तिनं माझ्या पोटात मिलमधला बारदाना कोंबला होता. बाई, पोती झटकून तरी घ्यायची! आत तुरीचे दाणे राहिले आणि उंदरांचं फावलं. लोकांच्या पोटात कावळे ओरडतात, माझ्या पोटात खरेखुरे उंदीर नाचले. शेवटी तिनं सगळं उपसून जुनी वाकळ भरली आणि मला थोपटून म्हणाली, "चुकलं रे राजा." आता हिच्यावर रागवायचं तरी कसं?

तिच्या अप्पांना, म्हणजे शिवमूर्तींना, मात्र मी डोळ्यांसमोर नको. "गाणारा कुठंय? नुसती धाडधाड करायलेत." शेजारी क्लासच्या पोरांचं हॉस्टेल, म्हणून त्यांनी अट घातली. मिल चालू तोवरच वाजवायचं. मिल बंद, तुझं बंद. त्यामुळं झालं काय, मिलच्या गोंगाटात अप्पांनी लेकीला कधी नीट ऐकलंच न्हाई.

संक्रांतीनंतर नवी तूर आली. जागा पुरेना. अप्पांनी नांदेडला फोन लावला, "तुमचा नगारा घेऊन जा." रामलिंग काका टेम्पो घेऊन हजर. दुसरा ड्रम अप्पा दारात उभा करणार नव्हते. मी गेलो की पोरीचं वाजवणं संपलं.

"काका, एक गाणं वाजवते, मग न्या," शिवकन्या म्हणाली. मला रडू येत होतं, पण ड्रमनं रडायचं कसं?

गाणं त्याच थांबायच्या जागी आलं आणि लाईट गेली. मिल थांबली. गिटारचा स्पीकर मुका झाला. शिवकन्येचा पाय वर उचललेलाच होता. अट तिला ठाऊक होती. पाय तसाच राहिला, आणि मग पडला.

एकटीच वाजवायला लागली. त्या मिलच्या साथीनंच शिकलेली ती, ठेका मिलसारखाच पक्का, इतका की बाहेर अप्पा हमालांवर ओरडले, "अरे लाईट गेली ना? मग मिल कशी चालू हाय?"

तरातरा आत आले आणि दारातच थांबले. मग हळूच तुरीच्या कट्ट्यावर, म्हणजे भरल्या पोत्यावर, बसले. ती घामानं निथळत वाजवत होती. मी जन्मात असा वाजलो नव्हतो.

शेवटचा टोला पडला.

"मिल बंद होती," अप्पा म्हणाले.

"हाव अप्पा."

"मग?"

"गाणं संपलं नव्हतं."

अप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं, डोळेही पुसले. "रामलिंगअप्पा, टेम्पो आणलाच हाय तर हे कट्टे आपल्या जवळच्या मुरुडच्या गोदामाला टाका. हितं जागा लागते पोरीला." काकांनी मला थोपटलं. कानाशी येऊन म्हणाले, "आता दबू नको."

तर मंडळी, असं संगीत कुठं ऐकायला गेलात तर गिटारकडं खुशाल बघा, पण एक कान खाली असू द्या. परवा तूर घालायला आलेला एक शेतकरी गोदामात डोकावला. "मालक, गाणारा कुठंय?"

अप्पांनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं.

"ह्यात गाणारा नसतो. माझ्या लेकीचे पाय ऐका."